२५ युनिट सांगितले, मी घेतले, तुम्ही घेऊ नका
वजन कमी करायच्या इंजेक्शनमध्ये मी कशी फसले ते लिहितेय. लाज वाटतेच, पण हे विकणाऱ्या बाईच्या चॅट ग्रुपमध्ये माझ्यासारखे अजून बरेच जण आहेत म्हणून लिहिते.

डॉक्टरकडे जायचं मी टाळत होते, आधी टेस्ट सांगतील, मग बोलणी बसतील असं डोक्यात होतं, आणि त्यातच ऑनलाइन एक बाई भेटली, वेट लॉस कोच म्हणवणारी, फार गोड बोलायची. म्हणाली तयार इंजेक्शनचं पेन कशाला घेतेस, त्यात असतं तेच सेमाग्लुटाइड औषध मी तुला पावडरच्या बाटल्यांमध्ये देते. तीन बाटल्यांचे पैसे आधीच घेतले. मला विचारलं काय, तर फक्त वजन किती. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, बाकी औषधं कोणती चालू आहेत, काहीच नाही. घरात कोणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर झालेला असेल तर हे औषध देतच नाहीत, हे मला नंतर कळलं.

पार्सल आलं तेव्हा आतली बर्फाची पिशवी पार वितळून कोमट झालेली. लेबलवर औषधाचं नाव आणि ५ मिग्रॅ, बस, कंपनी नाही बॅच नंबर नाही एक्सपायरी नाही. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये'. तिला विचारलं तर म्हणे, अगं ते कायद्यासाठी लिहावं लागतं, सगळेच लिहितात. आणि मी शहाणी, मानलं!

तिने सांगितलं १ मिली पाणी घालून विरघळव आणि इन्सुलिनच्या सिरिंजने २५ युनिट घे. घेतले. रात्रीपासून ज्या उलट्या सुरू झाल्या त्या दोन दिवस, घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरेना. तिला मेसेज केला तर उत्तर काय, बॉडी डिटॉक्स होतेय, चांगलं लक्षण आहे. तिसऱ्या दिवशी मला सलाईन लागलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर ओरडल्या नाहीत, माझ्याच फाईलच्या मागे बॉलपेनने गणित मांडलं. या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिली. तुमच्या १ मिलीत ५ मिग्रॅ, म्हणजे २५ युनिटमध्ये १.२५ मिग्रॅ. सुरुवातीचा डोस ०.२५ मिग्रॅ, तोही आठवड्यातून एकदा, ४ आठवडे झाले की मग ०.५. म्हणजे मी पहिल्याच दिवशी पाचपट टोचून घेतलं, ५ युनिट पुरले असते, तेही बाटलीत लेबलवरचंच औषध असेल तर. त्या बाईने ०.२५ मधलं शून्य आणि टिंब खाऊन २५ युनिट केलं होतं. शिवाय याला उतारा नाही, अंगातलं औषध निम्मं व्हायलाच साधारण आठवडा जातो, तोवर फक्त भोगायचं.

मी म्हटलं मग पेनच घ्यायला हवं होतं. तर म्हणाल्या पेनही कुठूनही घेऊ नका. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात बनावट ओझेम्पिक (सेमाग्लुटाइडचंच एका ब्रँडचं पेन) घेऊन लोकांची साखर एकदम घसरली, ॲडमिट करावं लागलं, आत इन्सुलिन असावं असा संशय होता, आणि जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बनावट पेनांबद्दल इशारा दिला. चिठ्ठी डॉक्टरची, दुकान परवान्याचं, लेबल उचकटलेलं किंवा खोका आणि पेनवरचा बॅच नंबर वेगळा दिसला तर परत. न उघडलेलं पेन २ ते ८ डिग्रीत हवं, एकदा गोठलं की टाकून द्यायचं.

पैसे परत मागितले तर बाईने ब्लॉक केलं. मला ग्रुपमधून काढायच्या आधी मी तिथल्या एकीला विचारलं, तुझ्या बाटलीत १ मिलीला किती मिग्रॅ आहे गं? तिचं उत्तर आलं, ते माहीत नाही, मी २५ घेते.