माजी राजदूत बोलवावेत की अभ्यासक? वक्ता ठरवण्याआधी थोडं

जागतिक घडामोडींवर बोलायला कुणाला तरी बोलवू या, असं ठरलं की नावं दोन बाजूंनी येतात. एकीकडे माजी राजदूत, निवृत्त सेनाधिकारी, कधीकाळचे मंत्री. निर्णय होत असताना ही माणसं त्या खोलीत हजर होती. ती बहुधा स्पीकर एजन्सीमार्फत मिळतात. दुसरीकडे विद्यापीठांतले, संशोधन संस्थांतले अभ्यासक. एकाच प्रदेशावर पंधरा-वीस वर्षं घालवलेली ही मंडळी, त्यांना आपणच पत्र लिहून गाठायचं. आमची संघटना आयात-निर्यात आणि जहाजवाहतुकीतल्या लोकांची. वार्षिक सभेचा वक्ता ठरवणं काही वर्षं माझ्याकडे आहे आणि मी दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे.

मानधनात मोठी तफावत असते हे कुणालाही ठाऊक असेल, त्यावर वेळ घालवत नाही. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांचा विचार आम्हीही केला होता आणि लवकरच सोडून दिला. दहा मिनिटांच्या चर्चेत शोभणारा माणूस तासाभराच्या भाषणात तग धरतोच असं नाही.

आधी एजन्सीच्या वाटेचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. करार स्वच्छ असतो. प्रवास, मुक्काम, ध्वनिचित्रमुद्रणाचे हक्क, रद्द झाल्यास काय, सगळं कागदावर येतं. मुख्य म्हणजे वक्ता ऐनवेळी येऊ शकला नाही तर पर्याय शोधायला कुणीतरी असतं. या विषयात ती भीती खरी आहे. डिसेंबर 2024 मध्ये सीरियातली असद राजवट दोन आठवड्यांच्या आत कोसळली. त्या पंधरवड्यात सीरियाच्या जाणकाराला व्याख्यानाला बोलावून ठेवलेल्या आयोजकाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना मला करता येते. ज्या दिवशी तुम्हाला तो माणूस सर्वांत जास्त हवा असतो, त्याच दिवशी तो साऱ्या जगाला हवा असतो.

आमच्या पहिल्या अनुभवाचं साल 2024, फेब्रुवारी महिना. त्याआधी नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतलं होतं आणि डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालणारा केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला होता. आशिया-युरोप फेरीत दहा-चौदा दिवसांची भर. सभागृहातला प्रत्येक जण एकच हिशेब मनात घेऊन बसला होता: हे किती महिने चालणार, आणि वॉर रिस्कच्या, म्हणजे युद्धाच्या धोक्याच्या, विम्याचा बोजा कुणी उचलायचा.

आम्ही एका नामवंत माजी राजदूतांना एजन्सीतर्फे ठरवलं होतं. करार झाल्यापासून मी एकच गोष्ट मागत होतो: त्यांच्याशी फोनवर अर्धा तास बोलू द्या. तीनदा मागितली. पहिल्यांदा उत्तर आलं की साहेब प्रवासात आहेत. दुसऱ्यांदा एक फॉर्म आला, ‘श्रोत्यांची माहिती’ भरायला. मी दोन पानं मन लावून भरून पाठवली. तिसऱ्यांदा सांगण्यात आलं की साहेबांना विषयाची पूर्ण कल्पना आहे, काळजी नसावी.

भाषण उत्तम झालं. आवाज, आत्मविश्वास, शीतयुद्धाच्या अखेरच्या वाटाघाटींच्या आठवणी. लोक रंगून ऐकत होते. पण तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीचं नाव पहिल्यांदा उच्चारलं ते प्रश्न विचारणाऱ्या आमच्या एका सभासदाने. उत्तरात पुन्हा 1990 सालातली एक बैठक आली. दुसऱ्याने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तेव्हा ‘परिस्थिती गुंतागुंतीची आहे’ एवढंच मिळालं. मी भरलेली ती दोन पानं त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, हे जेवताना त्यांच्याच बोलण्यातून कळलं. माणूस सज्जन होता, त्यांच्यावर माझा राग नाही. पण तो न झालेला अर्ध्या तासाचा फोन मला आजही खुपतो.

पुढच्या वर्षी येमेन आणि तांबडा समुद्र हाच अभ्यासाचा विषय असलेल्या एका संशोधक बाईंना मी थेट लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं आणि फोनची वेळ त्यांनीच मागितली. चाळीस मिनिटं बोललो. त्यातली निम्मी त्याच विचारत होत्या: समोर जहाजमालक जास्त की माल पाठवणारे? करार किती मुदतीचे असतात? तुमच्या लोकांना कुठला निर्णय लवकर घ्यायचा आहे? मग म्हणाल्या, सभासदांचे दहा प्रश्न पाठवा, मी त्यांच्याभोवतीच बोलेन.

व्यासपीठावर त्या कमी पडल्या, हे लपवत नाही. आवाज बारीक, स्लाइडवर दाटीवाटीचा मजकूर, वेळेचं भान नाही. मागच्या रांगेतले काही जण पहिल्या पंधरा मिनिटांत चुळबुळू लागले. पण प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि चुळबूळ थांबली. तेव्हा, फेब्रुवारी 2025 मध्ये, गाझात युद्धविराम होता, त्यामुळे हूथींचे हल्ले थांबले होते आणि सगळ्यांना सुएझ पुन्हा उघडल्यासारखं वाटत होतं. त्या म्हणाल्या, ‘भाकीत करणार नाही. पण हूथींच्या घोषणांपेक्षा विमा कंपन्यांकडे बघा. आणि युद्धविराम मोडला तर हल्ले परततील असं धरूनच करार करा.’ त्याच वर्षी जुलैत मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन जहाजं हूथींनी बुडवली. आमच्यातल्या दोघा-तिघांनी केपचा पर्याय करारात राखून ठेवला होता. त्यांनी मला मुद्दाम फोन करून आभार मानले.

एका अनुभवावरून नियम काढू नये, हे मान्य. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने मात्र सुमारे 20 वर्षं 284 तज्ज्ञांची राजकीय भाकितं तपासली, आणि माध्यमांत जितकं नाव मोठं तितकी भाकितं सरासरीने कच्ची, असं त्यांना आढळलं. त्यांनी भाकितं मोजली, व्याख्यानं नाही. तरी मला आमचं सभागृह आठवलं.

तुमचा कार्यक्रम वर्धापनदिनाचा असेल, प्रायोजकांना नाव दाखवायचं असेल, श्रोते निरनिराळ्या क्षेत्रांतले असतील, तर माजी राजदूतच बोलवा. त्या संध्याकाळचं वजन ते सहज पेलतात. शिवाय काही जण बंद दाराआड फार मोकळं बोलतात. बोललेलं वापरा पण बोलणाऱ्याचं नाव बाहेर नको, हा लंडनच्या चॅटम हाउस या संशोधन संस्थेचा 1927 पासूनचा नियम आधीच मान्य केला आणि कॅमेरा बंद ठेवला, तर व्यासपीठावर न मिळालेलं उत्तर तिथे मिळू शकतं. पण श्रोत्यांना दुसऱ्या दिवशी काही ठरवायचं असेल, तर मी अभ्यासकाकडे झुकेन. सोबतीला प्रश्न विचारणारा एक चांगला सूत्रसंचालक द्यावा, भाषण वीस मिनिटांवर आणावं आणि उरलेला वेळ संवादाला ठेवावा. बारीक आवाजावर तेवढा उपाय पुरतो. आजारपणाची सोय म्हणून त्याच विषयातलं दुसरं नाव त्यांनाच विचारून ठेवावं. ते आनंदाने सुचवतात.

आणि वाट कुठलीही धरा, सही करण्याआधी फोनचा तो अर्धा तास करारात लिहून घ्या. यंदा आम्ही तैवानच्या सामुद्रधुनीवर काम करणाऱ्या एका अभ्यासकांना विचारलं आहे. त्यांच्याशी बोलणं पुढच्या मंगळवारी आहे. सभासदांचे प्रश्न यायला लागले आहेत, काल रात्रीपर्यंत सत्तावीस आले होते, आणि त्यातले दहा कुठले निवडायचे हे मला अजून ठरवायचं आहे.