नाताळचा बुफे: टर्की सोडा, सोरपोतेल घ्या

वांद्र्याच्या एका बड्या हॉटेलात यंदा कॉलेजचा जुना कंपू नाताळच्या रात्री जेवायला गेला. माणशी ३,२०० रुपये, वर कर. सजावट चकचकीत, सांताक्लॉजला मात्र जाम घाम फुटला होता. मुंबईचा डिसेंबर, दुसरं काय!

टर्कीपुढे हीऽ रांग. हाती आलं ते कोरडं ठाक, क्रॅनबेरी सॉस ओतूनही घशाखाली उतरेना. पास्ता वगैरे चाखलाच नाही, तो रोजचाच.

खरा माल कोपऱ्यात होता. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, पदार्थांचं छोटंसं काउंटर, तिथे चिटपाखरू नाही. डुकराचं मांस आणि काळीज बारीक चिरून व्हिनेगरमध्ये शिजवलेलं सोरपोतेल, आणि सोबत गरम फुगे. आंबवलेलं मैद्याचं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडतात, ते टम्म गोल फुगतात. आमची वसईची मैत्रीण स्वतः ईस्ट इंडियन, सहसा कुणाला पास न करणारी. एक घास घेऊन म्हणाली, "कालचं आहे गं, मुरलंय. बॉटल मसालापण बाजारचा नाही वाटत." (बॉटल मसाला म्हणजे ईस्ट इंडियन घरांत बाटल्यांत भरून ठेवतात तो मिश्र मसाला.) मग आम्ही तिथेच तळ ठोकला.

गोडात प्लम केक बरा, कलकल, म्हणजे नाताळचे तळलेले छोटे गोड शंख, मऊ पडलेले. वाइनचे दर बघून सगळ्यांनी मुकाट्याने लिंबू सोडा मागवला.

सेवा हसतमुख, पण पाणी तीनदा मागावं लागतं. आठच्या आत पोहोचा. साडेनऊनंतर फुगे संपतात आणि नवा घाणा काढत नाहीत.