आवाज थांबला, कारण शाफ्टच काढून ठेवला होता

ओल्या गवताचा एक छोटा चढ होता, जेमतेम दोन गाड्यांच्या लांबीचा. मागच्या सीटवर दोन्ही मुलं आणि आई. मी अ‍ॅक्सिलरेटर दिला तशी पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी हळूहळू मागे घसरायला लागली. ब्रेक दाबून धरला, मुलांना आणि आईला खाली उतरवलं, आणि नवऱ्याला बाजूला उभं राहून चाकांकडे बघायला सांगितलं. तो म्हणाला, "मागची चाकं ढिम्म आहेत. हलतच नाहीत." ही गाडी आम्ही ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) म्हणून घेतली होती, आणि चारच महिन्यांपूर्वी तिला 'नवीन मागचं डिफरन्शियल' (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) बसवल्याचं मोठं बिल मी भरलं होतं.

आता सुरुवातीपासून सांगते.

गाडी आम्ही वापरलेली घेतली होती. काही दिवसांनी दोन गोष्टी जाणवू लागल्या. साठच्या वर वेग गेला की पायाखालून घुमल्यासारखा आवाज यायचा आणि फरशीला बारीक थरथर जाणवायची. दुसरं म्हणजे, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी काढताना ती अडखळायची, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि उतरता उतरता निकाल दिला, "ताई, डिफरन्शियल गेलंय. आतल्या गिअरची जोडी, क्राउन-पिनियन, खाल्लीय. असंच चालवलंत तर रस्त्यात चाकं जाम होतील." चाकं जाम होतील म्हटल्यावर मुलांना घेऊन गाडी चालवणाऱ्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. मी हो म्हटलं. गाडी लिफ्टवर घेतलेली नव्हती, तेलाचा बोल्ट उघडलेला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. आवाज गेलेला, वळणावरचं अडखळणं गेलेलं. बिलावर डिफरन्शियल असेंब्ली, बेअरिंग, ऑइल सील, गिअर ऑइल, मजुरी, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, "भंगारात गेला." मी समाधानाने घरी आले. त्याचे आभारही मानले होते, हे आठवलं की अजून संताप येतो.

गवतावरच्या प्रकारानंतर गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी आधी फक्त प्रश्न विचारले. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आवाज बदलायचा का? नाही. लांब वळणावर एका बाजूला कमी-जास्त व्हायचा का? नाही. फक्त वेगाबरोबर वाढायचा? हो. ते म्हणाले, "क्राउन-पिनियनचा आवाज लोड बदलला की बहुतेक वेळा बदलतो. चाकाचं बेअरिंग वळणावर बोलतं. तुम्ही सांगता तो आवाज दोन्हींत बसत नाही." मग गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं.

गाडीच्या पोटाखालून पुढून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट तिथे नव्हताच. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती चकती) उघडी पडलेली, तिच्यातली बोल्टांची भोकं रिकामी. मध्ये शाफ्टला आधार देणारं बेअरिंग जिथे असतं तिथे चेसिसवर नुसते दोन आटे दिसत होते.

दोन्ही तक्रारी का थांबल्या हे तिथेच कळलं. अशा बहुतेक फॅमिली गाड्यांत इंजिनाची ताकद मुळात पुढच्या चाकांना जाते. एक हिस्सा शाफ्टने मागे येतो आणि डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेल्या क्लचच्या चकत्यांमधून, गरजेनुसार, मागच्या चाकांना मिळतो. शाफ्ट काढला तरी गाडी पुढच्या दोन चाकांवर खुशाल धावते. माझ्या गाडीत तर डॅशबोर्डवर एक दिवाही लागला नाही, कारण मागची चाकं रस्त्यावर लोळत असतात आणि त्यांच्या सेन्सरला वेग बरोबरच दिसतो. (मध्ये साधं सेंटर डिफरन्शियल असलेल्या गाडीत ही लबाडी चालत नाही, तिथे शाफ्ट काढला तर गाडी जागची हलणार नाही.)

डिफरन्शियलच्या हाउसिंगवरचे (बाहेरच्या कवचावरचे) बोल्ट जुन्या गंजाने भरलेले होते, पान्याची एकही खूण नाही. हाउसिंगवरच्या पट्टीवर क्रमांक होता. गाडी विकत घेताना तपासणीत काढलेले फोटो माझ्याकडे होते; त्यातही तोच क्रमांक. तेल काढलं तर काळंकुट्ट, नव्या तेलाचा मागमूस नाही. मेकॅनिकनी तेलाच्या बोल्टच्या टोकाचं, लोखंडाचा कीस धरणारं लोहचुंबक बोटाने पुसून मला दाखवलं. बोटाला राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप लागला. "हा नेहमीच्या झिजेचा. दात तुटले असते तर इथे कपच्या सापडल्या असत्या. या डिफरन्शियलला काहीही झालेलं नव्हतं, ताई."

मी त्याच दिवशी पहिल्या गॅरेजात गेले. तो जराही ओशाळला नाही. "आवाज बंद झाला ना? मग?" एवढंच त्याचं म्हणणं. मी फोटो पुढे धरले तेव्हा त्याने कामावरच्या मुलाला हाक मारली आणि मागच्या ढिगातून माझाच शाफ्ट बाहेर आला. मधल्या बेअरिंगभोवतीचं रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं, बेअरिंग हाताने फिरवलं तरी खरखरत होतं. घुमण्याचं कारण तेवढंच होतं. अख्ख्या डिफरन्शियलपुढे तो भाग किरकोळ.

आणि वळणावर अडखळणं? त्याचं मूळ टायरमध्ये होतं. विकणाऱ्याने पुढे दोन नवे टायर टाकून गाडी चकाचक केली होती, मागचे जुनेच. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी खोल, माझ्या मागच्या टायरची 3 मिमी उरलेली. त्रिज्येत 5 मिमीचा फरक म्हणजे घेरात सुमारे 31 मिमी. घेर 2.2 मीटर धरला तर मागची चाकं दर किलोमीटरला साडेसहा फेऱ्या जास्त मारतात, शंभर किलोमीटरला साडेसहाशे. पुढे-मागे जोडणाऱ्या त्या क्लचला हा फरक सतत घसरून सोसावा लागतो. तो तापतो, त्याचं तेल खराब होतं, मग हळू वळणावर सुटायच्या ऐवजी चिकटून बसतो. नवे टायर टाकले म्हणून आम्ही खूश झालो होतो, आणि गाडीला तेच खात होते.

त्या मेकॅनिकनी शाफ्टला नवं मधलं बेअरिंग घातलं, जुन्या खुणा जुळवून तो परत बसवला (खुणा चुकल्या तर शाफ्ट थरथरतो), क्लचचं तेल आणि फिल्टर बदलला, आणि मी चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे घेतले. गाडी आता शांत आहे आणि त्याच गवतावरून चढून दाखवलीही.

तुमच्या गाडीला कोणी डिफरन्शियल गेल्याचं सांगितलं तर आधी तेल काढायला लावा आणि चुंबक स्वतः बघा. काम द्यायच्या आधी हाउसिंगवरच्या क्रमांकाचा फोटो काढा, दोन बोल्टांवर रंगाचा ठिपका द्या आणि जुना पार्ट परत हवा हे लेखी घ्या. गाडी ताब्यात घेताना लिफ्टवर घ्यायला सांगा आणि पुढून मागे जाणारा शाफ्ट जागेवर आहे का ते बघा. याला अर्धं मिनिट लागतं. पण मागची चाकं फिरतात का हे बघायला घरी दोनच चाकं जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये टाकू नका. जमिनीवरची चाकं ताकद घेऊन गाडी जॅकवरून उडी मारू शकते.

बिल, दोन्ही वेळचे क्रमांकाचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडून मी ग्राहक तक्रार दाखल केली आहे. फाटलेल्या रबराचं ते बेअरिंगही पिशवीत घालून जपून ठेवलंय, सुनावणीला सोबत नेणार आहे.