कापडी डायपर घेण्याआधी हे वाचा
बाहेरून वॉटरप्रूफ, आत सुती पॅड, पुढे टिचबटणं. वस्तू चांगलीये, पण पाकिटावर फ्री साइज लिहिलंय म्हणून पहिल्या दिवसापासून लावू नका, एवढुश्या बाळाच्या मांडीशी फट राहते आणि सगळं गळतं, तोवर जुन्या सुती साडीचे आजीने शिवलेले लंगोटच बेस्ट. नवे पॅड ३-४ वेळा धुतल्याशिवाय नीट शोषतच नाहीत आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसतो. खरी कटकट पावसाळ्यात, जाड पॅड वाळता वाळत नाहीत (आमच्या हॉलचा सध्या धोबीघाट झालाय), म्हणून जास्तीचे पॅड घेऊनच ठेवा. रात्री मात्र आम्ही यूज अँड थ्रोच लावतो, झोप पण हवी ना!