एस्क्यूलाइटची ‘रिकव्हर’ कमांड: फुकट आहे, पण डोळे मिटून वापरायची नाही

तालुक्याच्या गावांतली वाचनालयं, पतसंस्था आणि दोन-चार मेडिकल दुकानं यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. यातल्या बऱ्याच ठिकाणचं सॉफ्टवेअर नोंदी साठवायला आतून एस्क्यूलाइट (SQLite) हा छोटा डेटाबेस वापरतं आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. अख्खा डेटाबेस एका फाइलीत. सोय मोठी, पण त्यामुळेच जो तो ती फाइल पेनड्राइव्हवर ओढतो आणि ‘बॅकअप घेतला’ म्हणून मोकळा होतो.

एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव चालू असताना लाइट गेली. मशीन परत चालू झाल्यावर कोणीतरी हुशारी करून पेनड्राइव्हवरची जुनी फाइल मूळ जागी टाकली. तिच्या शेजारी ‘वॉल’ नावाची फाइल होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ताजे बदल आधी त्या वॉल फाइलीत लिहिले जातात आणि मग मुख्य फाइलीत उतरतात. आता जुन्या फाइलीवर नव्या वॉलमधली पानं (फाइलीचे ठरावीक मापाचे तुकडे) बसली. दोघींचा मेळ नाही. ग्रंथपालबाईंचा फोन आला, “दादा, सभासद दिसतायत, पण पुस्तक शोधलं की ते इंग्रजीतून ओरडतंय.” ओरडणं नेहमीचंच होतं: ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’, म्हणजे फाइल आतून बिघडली आहे.

अशा वेळी सॉफ्टवेअर बंद करायचं, फाइल आणि तिच्या सोबतच्या वॉल किंवा जर्नल फाइली एकत्र कॉपी करायच्या आणि पुढची सगळी खटपट त्या कॉपीवर. मग ‘इंटिग्रिटी चेक’, म्हणजे फाइल आतून धड आहे का ते तपासणारी आज्ञा. तक्रारी नुसत्या ‘अमुक ओळ इंडेक्समध्ये (शोधायच्या सूचीत) नाही’ एवढ्याच असतील तर सूची नव्याने बांधणाऱ्या ‘रीइंडेक्स’ने भागतं, पुढचं काही वाचायची गरज नाही. इथे तक्रारी थेट पानांबद्दलच्या होत्या.

जुनी माणसं ‘डंप’ काढा म्हणतात, म्हणजे सगळा डेटा आज्ञांच्या रूपात एका मजकूर-फाइलीत उतरवा. डंप टेबलाच्या मूळ पानापासून फांदीफांदीने खाली उतरतो. मधली फांदी मोडली की उलट्या टोकाने एकदा प्रयत्न करतो आणि थांबतो. त्यातली खोच अशी, की चूक सापडली तर डंपच्या फाइलीत शेवटची ओळ ‘कमिट’ (पक्कं करा) ऐवजी ‘रोलबॅक’ (सगळं मागे घ्या) येते. ती न बघता फाइल नव्या डेटाबेसात भरली की सगळं भरून झाल्यासारखं दिसतं आणि हाती रिकामा डेटाबेस येतो. पैसे घेऊन दुरुस्ती करणारं एक सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. त्याच्या फुकट आवृत्तीत ओळींची झलक दिसते, सेव्हचं बटण दाबलं की पैसे मागतं. झलकेत देवनागरी नावांच्या जागी चौकोन होते. पाकीट खिशातच राहिलं.

मग ‘रिकव्हर’. 2019 साली आवृत्ती 3.29 पासून ही कमांड एस्क्यूलाइटच्या स्वतःच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या प्रोग्राममध्ये) आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ती फांद्यांच्या भरवशावर राहत नाही. शिवण सुटलेल्या वहीची पानं गोळा करावीत तशी फाइलीतलं प्रत्येक पान उचलते (साधारणपणे एक पान 4096 बाइटचं), त्यावर ओळी सापडतात का बघते आणि त्या कोणत्या टेबलाच्या असाव्यात ते जुळवते. बाहेर येतात एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञा, त्या नव्या फाइलीत भरायच्या. वाचनालयाचं पुस्तकांचं टेबल डंपने अर्धवट दिलं होतं. रिकव्हरने त्यातला बहुतांश भाग परत आणला.

कौतुक इथपर्यंत. आता कटकटी.

ज्या ओळींचं टेबल कळत नाही त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या एका टेबलात पडतात. रकान्यांना नावं नाहीत, नुसतं सी-शून्य, सी-एक, सी-दोन. सोबत पानाचा क्रमांक, मूळ पानाचा क्रमांक आणि ओळीत किती रकाने होते तो आकडा मिळतो. त्या आकड्यावरून गट पाडायचे आणि ओळखत बसायचं: हा दाखल क्रमांक, हे लेखकाचं नाव, ही किंमत. देवघेवीच्या नोंदींत सगळे आकडेच, तिथे डोकं फिरतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ही कमांड मोकळी पडलेली पानंही चाळते, त्यामुळे पुसलेल्या ओळी जिवंत होतात. निर्लेखित केलेली पुस्तकं पुन्हा कपाटावर, आणि अनामत परत घेऊन गेलेले सभासद पुन्हा यादीत! ते टाळायला ‘इग्नोअर फ्रीलिस्ट’ म्हणजे मोकळी पानं सोडून देण्याचा पर्याय आहे. पण मोकळ्या पानांची यादीच बिघडलेली असेल तर तो पर्याय चांगल्या ओळीही गाळतो. मी दोन्ही प्रकारे काढतो आणि फरकाच्या ओळींची यादी छापून समोर ठेवतो. त्यातलं खरं काय हे कोणतीही कमांड सांगू शकत नाही. एस्क्यूलाइटवालेही ते लपवत नाहीत. काही मजकूर कायमचा गेलेला असेल, पुसलेला परत येईल, आकडे बदललेले असू शकतात, एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात गेलेल्या असू शकतात, हे त्यांनी सरळ लिहून ठेवलंय. विकणाऱ्या कंपन्यांच्या ‘शंभर टक्के’पेक्षा मला हे जास्त पटतं.

या वाचनालयात निकाल लावला तो कागदाने. दाखल नोंदवही हाताने लिहिलेली होती, कारण अनुदानाच्या तपासणीला ती दाखवावी लागते. बाई क्रमांक वाचत गेल्या आणि मी स्क्रीनवर टिक करत गेलो. “हे पुस्तक वाळवीने खाल्लं, काढा ते,” असं त्या न बघता सांगायच्या. पुस्तकं अशी मार्गी लागली. देवघेवीला कागद नव्हता, त्यामुळे बिघाडाच्या दिवसातल्या काही नोंदींचं काय झालं ते सभासदांनी पुस्तकं परत आणल्यावरच कळणार.

विंडोजवाल्यांनो, ही कमांड पॉवरशेलमधून चालवून ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाने फाइल काढू नका. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल मजकुराचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच बदलतं आणि देवनागरीचा चुथडा होतो. डेटा वाचलेला असतो, नावं मात्र गेलेली. साध्या काळ्या कमांड प्रॉम्प्टमधून काढा. लिनक्सवर ‘एस्क्यूलाइट डीबीपेज’ नावाचं टेबल नाही अशी तक्रार आली तर तुमच्या शेलमध्ये ती सोय घातलेलीच नाही असं समजा. एस्क्यूलाइटच्या अधिकृत साइटवरचं तयार शेल घ्या, छोटीशी झिप आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो लॉस्ट अँड फाउंडसाठी. निदान तारखेसारखा दिसणारा रकाना ओळखून दिला असता, तरी आमच्यासारख्यांची एक रात्र वाचली असती.