सीटीआरआय : कॅन्सरवरच्या क्लिनिकल ट्रायल शोधायची सरकारी वेबसाइट, बीड-लातूरकडून वापरताना

स्तनाच्या कॅन्सरवर देशात कुठे कोणती क्लिनिकल ट्रायल, म्हणजे उपचार रुग्णांवर तपासून पाहणारा अभ्यास, चालू आहे, हे फुकटात पाहायची पहिली जागा म्हणजे आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया). २००७ साली सुरू झालेली ही नोंदवही. जून २००९ पासून ट्रायलची नोंद इथे सक्तीची आहे. शोधायला लॉगिन लागत नाही. माहितीला पाचपैकी चार गुण, वापराला दोनच. सगळं इंग्रजीत, तेही डॉक्टरी इंग्रजीत.

शोधताना नुसतं ‘ब्रेस्ट कॅन्सर’ टाकून थांबू नका. ‘कार्सिनोमा ब्रेस्ट’ही इंग्रजीत टाकून पाहा, कारण नोंद करणारा जे लिहील तेच सापडतं. गावाचंही तसंच: जुन्या नोंदींत औरंगाबाद आणि उस्मानाबादच असतं. निकालांत पीजीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंधही येतात. ‘पोस्ट ग्रॅज्युएट थिसिस’समोर ‘येस’ दिसलं तर नवं औषध मिळेल या आशेने फोन करण्यात सहसा अर्थ नाही. भारतातली भरती चालू आहे का, ते पाहा. ही ओळ ट्रायलवाल्यांनीच अद्ययावत करायची असते, म्हणून ‘ओपन’ दिसलं तरी निघण्याआधी फोन कराच. नंबर तीन असतात. ‘पब्लिक क्वेरी’चा लावा.

खरी मेख अपात्रतेच्या निकषांत आहे. ऑपरेशनआधी औषध देणाऱ्या ट्रायलला गाठ जागेवर असावी लागते. तालुक्याच्या गावी ‘आधी गाठ काढून टाकू, मग तपासू’ झालं की हा दरवाजा बंद. आधी सुईने गाठीचा बारीक तुकडा काढायची कोअर बायोप्सी, मग ईआर, पीआर, हर-टूचा, म्हणजे गाठ कुठल्या प्रकारची आहे ते सांगणारा रिपोर्ट. हर-टू २+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, असा आला तर फिश ही जनुकाची तपासणी लागते. रिपोर्टसोबत लॅबकडून पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी तो मागतात.

बीडकडच्या बायकांसाठी आणखी एक अडचण, जी त्या पानावर कुणी समजावून सांगत नाही. बऱ्याच ट्रायल पाळी चालू आहे की गेली, यावर बायका घेतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कित्येकींची पिशवी ऐन तिशीत काढलेली. पाळी नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असं नव्हे. अंडाशय ठेवले असतील तर ते काम करत असतात. डिस्चार्ज कार्डावर ‘दोन्ही अंडाशय काढले’ असं लिहिलंय का बघा. कार्ड हरवलं असेल तर एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल या हार्मोनच्या रक्ततपासण्यांवर ठरवतात.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने सरकारी पैशाच्या ट्रायलमध्ये स्त्रिया आणि अल्पसंख्याक घेणं बंधनकारक झालं, तरी तिथल्या लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) बायका ट्रायलमध्ये कमीच दिसतात. भाषा, अंतर, बुडणारी मजुरी. आपल्याकडे अजून तेवढंही बंधन नाही, आणि दर २१ दिवसांनी बोलावणारी ट्रायल कारखान्याच्या पट्ट्यात, कोपीवर (ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या बाईला कशी जमावी?

कागदावर हक्क मात्र चांगले आहेत. क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार माहितीपत्रक तिला समजेल त्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत. मधेच बाहेर पडायची मुभा.

आणि ट्रायल म्हणजे महागडं नवं औषधच असं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने सुमारे १६०० बायकांवर, ऑपरेशनआधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचं साधं औषध, टोचून पाहिलं. पाच वर्षं रोगमुक्त राहण्याचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं (२०२३).

फोनवर विचारायचे प्रश्न: किती फेऱ्या, कुठल्या तपासण्या आपल्या खर्चाने, प्रवासखर्च मिळतो का, काही फेऱ्या लातूर-बार्शीला होतील का. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपरला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला पहिल्याच खेपेला मागून घ्या.