दिव्याच्या शेडसाठी पैठणी की हिमरू?
टेबलावरच्या दिव्याची शेड करायची होती. संभाजीनगरात बसून दोन्ही कापडं बल्बसमोर धरली. पैठणी रेशीम-जरीची. नक्षीचे रंगीत धागे हाताने एकमेकांत अडकवत विणतात, म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या. उजेडात ती धूपछाव बघतच राहावी. पण जरीचे धागे प्रकाश अडवतात, आणि पदराला कात्री लावायची तर आईसमोर हिंमत हवी!

हिमरूत सुती ताणा, रेशमी बाणा. हात लावला की मऊ. मात्र नक्षीचे जादा धागे मागे सुटे राहतात. दिवा लागला की त्यांच्या सावल्या वेलबुट्टीत घुसतात. अस्तर लावावं तर उजेड मंदावतो.

उशीच्या अभ्र्याला हिमरूच. शेडला पैठणीचा अरुंद काठ, बाकी साधं रेशीम.